बाबांचा पूर्णविराम

लग्न होऊन मी कोपरीतल्या घरी आले तेव्हा माझी नणंद नुकतीच शिकायला अमेरिकेला गेलेली. मी तिला ताई म्हणायचे. सासरे, म्हणजे बाबा, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. नवऱ्याला रविवारीही काम असायचं. माझं ऑफिस माजिवड्याला, कॉम्प्युटरचंच. त्यामुळे घरात कॉम्प्युटर आणि मोडेम आला तो माझ्या हट्टाने, आणि ताईला मेल पाठवायचं कामही माझ्याकडेच आलं.

तेव्हाच्या घरगुती इंटरनेटवर चित्रं वगैरे काही नव्हती. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, बस्स. मोडेम घरच्या फोनवरूनच नंबर फिरवायचा, किंचाळायचा, खरखरायचा, आणि मनात आलं तर जोडला जायचा. मग ‘मेल’ असा हुकूम टाइप करून पुढे ताईचा पत्ता घालायचा. प्रोग्राम विषय विचारायचा आणि नंतर अगदी गप्प बसायचा. आपण लिहीत सुटायचं. एन्टर मारून खालच्या ओळीवर गेलं की वरच्या ओळीत परतायची सोय नव्हती. चूक राहिली तर राहिली. सगळं लिहून झालं की नव्या ओळीवर एकच टिंब द्यायचं आणि पुन्हा एन्टर. ओळीवर एकटं टिंब दिसलं की प्रोग्राम समजायचा, मजकूर संपला. मेल निघून जायची.

दर रविवारी सकाळी चहा झाला की बाबा माझ्यामागे खुर्ची घेऊन बसायचे आणि सांगायचे. पडद्याकडे मात्र बघायचे नाहीत. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी त्यांना सोसवत नसे.

“मला दाखवू नकोस,” ते म्हणायचे. “वाचून दाखव.”

मजकूर सांगायचे तो पुस्तकी. ‘दुखायला लागलं’ नाही, ‘दुखू लागले’. प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम दिला की नाही हे विचारायचेच. शेवटी ‘आईचे अनेक आशीर्वाद’. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा स्वयंपाकघरात असायच्या. त्यांना विचारायचीसुद्धा गरज कोणाला वाटत नसे.

त्या वर्षी नवरात्रात आई टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेल्या. उपास होता, रांग मोठी होती. दर्शन झाल्यावर जवळच राहणाऱ्या भावाकडे, म्हणजे मामांकडे गेल्या आणि मामींच्या हातचे साबुदाण्याचे वडे खाऊन घरी आल्या. संध्याकाळी छातीत असं दुखायला लागलं की त्यांना बोलता येईना. बाबांनी आणि मी धरून त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. कार्डिओग्राम काढला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, “काकू, हृदय ठणठणीत आहे. वडे किती खाल्लेत?” औषध घेऊन आई रात्री शांत झोपल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा खुर्ची घेऊन बसले.

“हं. लिही. काल संध्याकाळी आईच्या छातीत एकाएकी तीव्र वेदना होऊ लागल्या. लिहिलंस? तिला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे लागले.”

मी लिहून एन्टर मारला.

“पूर्णविराम दिलास?”

“राहिला बाबा.”

“मग दे की.”

वरच्या ओळीत जाता येत नव्हतं. मी आहे तिथेच टिंब दिलं आणि बोट सवयीने एन्टरवर गेलं. मेल गेल्याची खूण पडद्यावर उमटली.

“पुढे लिही,” बाबा म्हणाले. “परंतु काळजीचे कारण नाही.”

“बाबा, गेली.”

“काय गेली?”

“मेल. तेवढीच गेली.”

मी घाईघाईने दुसरी लिहायला घेतली तर लाइन तुटली. पुन्हा नंबर फिरवला, लागला नाही. पुन्हा फिरवला. बाबा आयुष्यात पहिल्यांदाच व्याकरण सोडून बोलले, “अगं काहीही लिही, पण पाठव लवकर!”

तिकडे शनिवारची रात्र होती आणि ताई कॉलेजच्या कॉम्प्युटरवरच बसलेली. मेल तिला लगेच मिळाली. तिने घरी फोन लावला, एंगेज. परत लावला, एंगेजच. कारण आमचा मोडेम फोन अडवून बसलेला. शेवटी तिने रडत मामांना फोन केला.

आम्ही अजून मोडेमशी झटत होतो तेवढ्यात बेल वाजली. आईंनीच दार उघडलं, हातात कोथिंबिरीची जुडी. दारात मामा, लेंग्यावर, दाढी अर्धीच केलेली. रिक्षा खाली तशीच थांबवलेली.

“आक्का! तू उठलीस कशाला?”

“मग दार कोण उघडणार? ही दोघं त्या यंत्रापुढे बसलीयेत. काय रे, झालंय काय तुला?”

मामा तिथेच उंबऱ्यात बसले. “मला काय होतंय? पोरगी तिकडे रडतेय, आईला काय झालं सांगा म्हणून.”

“तुझ्या घरचे वडे झाले, आणखी काय!”

मी मोडेमची वायर काढून फोनला लावली. लावते तोच फोन वाजला. ताई. मी नुसतं हॅलो म्हटलं तर ती रडायलाच लागली. मी रिसीव्हर आईंच्या हातात दिला.

“अगं, मी बोलतेय. रडू नको. वडे जास्त झाले गं, बाकी काही नाही.”

मग आई नुसत्याच ऐकत राहिल्या. बराच वेळ. मध्येच डोळ्यांना पदर लावला आणि हसल्याही. फोन ठेवून बाबांकडे वळल्या.

“ती म्हणते, बाबा लिहितात ते सगळं छान असतं, पण तू काहीच बोलत नाहीस. माझे नुसते आशीर्वादच येतात म्हणे.”

मामांना जेवायला ठेवून घेतलं. मामी फोनवर इतक्या वेळा माफी मागत होत्या, की शेवटी आईंनी त्यांच्याकडून वड्यांची कृतीच विचारून घेतली.

पुढच्या रविवारी चहा झाल्यावर आई हात पुसत आल्या आणि बाबांच्या खुर्चीत बसल्या.

“आज मी सांगते. अहो, तुम्ही जरा गॅलरीत बसा बघू.”

बाबा पेपर घेऊन मुकाट्याने गेले. आईंना आधी सुचेचना. मग सुरू झाल्या, ते थांबेनात. समोरच्या कोळीणबाईंनी खाडीची ताजी निवटी मासळी आणून दिली आणि पैसे घेतले नाहीत, खालच्या मजल्यावर बाळ झालं, ताईची जुनी सायकल मामांच्या मुलीला दिली, ती पडली पण लागलं नाही. अर्धी वाक्यं मध्येच वळायची. मी जसं ऐकलं तसं टाइप केलं.

“‘लई’ नव्हे, ‘फार’,” गॅलरीतून आवाज आला.

“राहू दे गं तसंच,” आई मला म्हणाल्या, “तिला कळतं. आता लिही, तुझे बाबा बाहेर बसून कान देऊन ऐकतायत.”

मी लिहिलं. पेपरमागून बाबांच्या हसण्याचा आवाज आला, आणि आई पुढे सांगू लागल्या.