विरामाचे गुण

नववीची नाट्य विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा संपली. मुलं पांगली, पण केतकी हॉलमध्येच रेंगाळत होती. नाटकासाठी आणलेल्या ओढणीची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

"घरी नाही का गं जायचं?" मार्क भरता भरता मी विचारलं.

ती थांबली. नजर खाली गेली. मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, "बाबा परत आलेत, मॅडम."

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की विराम काय सुरेख घेतला पोरीने.

वर्षभर मी हेच तर शिकवते. दुःखाच्या शब्दाआधी थांबायचं, रडायचं नाही, रडू आवरायचं. बघणाऱ्याला ते आपोआप पोचतं. विरामाला पाच गुण, नजरेला पाच. मोजून मोजून कानाला अशी सवय लागते, की मूल कसं बोललं ते ऐकू येतं आणि काय बोललं ते राहून जातं. शिवाय थांबणं, नजर खाली घालणं, आवाज सपाट ठेवणं हे मीच शिकवलं असं मी धरून चालते. काही मुलं ते घरूनच शिकून येत असतील.

मी पेन खाली ठेवलं. "बस जरा इथे," म्हटलं.

माझा चेहरा बघून ती हसली. "नाटकातलं वाक्य होतं, मॅडम," म्हणाली आणि दप्तर उचलून दाराकडे निघाली.

मार्कांचा कागद तसाच टाकून मी तिच्यामागे उठले. यंदाच्या नाटकात वडिलांचं पात्रच नाही.