मोठ्या खजुरीची जागा

इब्रा गावच्या त्या म्हाताऱ्याने माझ्याकडून पंप घेणं बंद केलं तेव्हा कारण सांगितलं नव्हतं. ओमानमध्ये, सीब शहरातलं माझं पंपांचं दुकान मी पाइपचे तुकडे विकून उभं केलंय. गिऱ्हाईक तुटलं की मला ते अंगाला लागतं. दरावरून भांडून गेला असता तर मी दर उतरवला असता. हा न भांडता गेला, तोही माझ्याच गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात. म्हणून मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, "सदीक, जमिनीतलं लोखंड-पितळ हुडकायचं मशीन तुझ्याकडे आहे ना?" तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. सदीक म्हणजे मित्र, आणि मित्राला कोणी असं सोडतं का?

मशीन होतं. पूर येऊन गेला की शेतातले व्हॉल्व्ह गाळाखाली जातात, ते शोधायला घेतलेलं.

"भाडं नको, अर्बाब," मालकाला म्हणतात तसं मी म्हटलं. "पण मला सोडलंत का, ते आधी सांगायचं. मग मशीन गाडीतून उतरेल."

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. हो की नाही?"

तो हसला. "यल्ला, ये."

शेतावर पोचल्यावर त्याने खरंच आधी उत्तर दिलं. "तू कॉफी संपायच्या आत भाव काढतोस. त्या दिवशी माझे पाहुणे बसले होते आणि तू माझ्या घरात आवाज चढवलास."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

माझं डोकं तापलं. पंप चांगला होता, दर वाजवी होता. कॉफीचा काय संबंध? मला हे आजही पटलेलं नाही. पण गरज त्याची होती आणि मशीन माझं. दुसरा कोणी असता तर गोड बोलून वेळ मारून नेली असती. ह्याने तोंडावर सांगितलं आणि मग आपली अडचण मांडली.

त्याच्या आईने म्हातारपणी पितळी कॉफीच्या किटलीत आपले चांदीचे वाळे, गोठ आणि जुने रुपये भरून ती मोठ्या खजुरीखाली पुरली होती. ते मुलीसाठी, असं तिने दोघा भावंडांना सांगितलं होतं. आई गेल्यावर ह्याने बहिणीला देण्यासाठी खणलं, तर काही निघालं नाही. बहिणीने अर्थ काढला: भावाने आधीच काढून वितळवलं. आणि ती हे बोलली कुठे, तर इब्राच्या बुधवारच्या बायकांच्या बाजारात. तिथे पुरुषाला पाय ठेवता येत नाही. तिथे झालेल्या आरोपाला हा उत्तर देणार कसा? वर्षानुवर्षं तो चोर हा शिक्का घेऊन गावात फिरत होता. आता त्या तुकड्यावर त्याचा मुलगा घर बांधणार होता. पुढच्या आठवड्यात लोडर येणार, मग सगळंच गाडलं जाणार.

इथे जुन्या वस्तू शोधायला परवानगी लागते. ती त्याने स्वतःच्या नावावर काढली होती, माझ्या नाही. आणि बहिणीला बोलावून समोर चटईवर बसवलं होतं, म्हणजे जे निघेल ते तिच्या डोळ्यांदेखत.

"शोध, शोध," ती मला म्हणाली. "ह्याने काही शिल्लक ठेवलं असेल तर."

"वालदा, आईसारख्या आहात म्हणून खरं सांगतो, मी ह्यांच्या बाजूने आलेलो नाही. माझंही ह्यांच्याशी वाकडं आहे."

"मग बरं. नीट शोधशील."

त्याने दाखवलेल्या खजुरीभोवती मी मशीन फिरवायला लागलो. सार्डिनच्या डब्याचं झाकण निघालं. ट्रॅक्टरचा बोल्ट, बिजागरी. मग एक हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं. घासलं तर पाव आणा. आपली नाणी इथे चालत होती त्या काळातला. मला उगाच घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"हा आमच्याकडचा," मी म्हटलं.

"तुमचं सापडलं," म्हातारी म्हणाली. "आता आमचं काढ."

भावाने तो पैसा कचेरीत दाखवण्यासाठी ताटलीत ठेवला. मी घेर वाढवत गेलो. काही नाही. ऊन चढलं, पाठ भरून आली. बहीण मान हलवत होती आणि भाऊ तिच्याकडे बघायचं टाळत होता. शेवटी मी भडकलो.

"हे झाड किती जुनं?"

"आईच्या वेळचं," दोघं एकदम म्हणाले.

"मी कोकणातला माणूस आहे. माड बघून वय सांगतो. आईच्या वेळचं झाड एवढं ठेंगणं? मला जुना म्हणून नवा माल दाखवू नका."

"हीच ती," बहीण रागावून म्हणाली. "आईच्या हयातीतच मोठी वादळात पडली, तेव्हा त्या बुंध्याला फुटलेलं पिल्लू काढून लावलं. तीच खजूर, तेच नाव."

"काढून कुठून?"

दोघांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. त्यांच्या लेखी मूळ झाड आणि पिल्लू एकच. फळ तेच, नाव तेच, हाकही तीच. ते वेगळ्या जागी उभं आहे हे त्यांना माहीत होतं, पण कधी मनात आलं नव्हतं.

बहीण उठली. गुडघे धरत फलजच्या, म्हणजे डोंगरातून पाणी आणणाऱ्या जुन्या पाटाच्या कडेने गेली. पाट कोरडा होता. "इथे धुणं धुवायचे. सावली माझ्या डाव्या अंगाला पडायची, सकाळी."

"डाव्या नाही, पाठीवर," भाऊ म्हणाला.

"तू धुतलंस कधी?"

मी तिच्या डाव्या हाताला मशीन नेलं. ते असं ओरडलं की पारव्यांचा थवा उडाला.

कोपरभर खोलीवर फावड्याला पितळ लागलं. मी हात घालणार, तर भावाने माझं मनगट धरलं. "तिला काढू दे." तो स्वतः पाच पावलं मागे जाऊन उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. इतकी वर्षं चोर म्हणवून घेतलेला माणूस. मी असतो तर किटली तिच्या पायाशी आपटली असती. हा वाळूकडे बघत थांबला.

तिने काळे पडलेले वाळे काढले, ओढणीने पुसले. मग भावाला म्हणाली, "बुधवारी मला बाजारात सोड. जिथे बोलले तिथेच बोलेन."

परवानगीच्या अटीप्रमाणे त्याने सगळं कचेरीत नेऊन दाखवलं आणि घरचं म्हणून परत आणलं. बुधवारी मला इब्रात काही काम नव्हतं, तरी गेलो. बाजाराच्या फाटकाबाहेर त्याच्या पिकअपला टेकून दोघं उभे राहिलो. वाळे घालून ती आत गेली. आत काय झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्याबरोबर दोन म्हाताऱ्या होत्या. त्या थेट ह्याच्याकडे आल्या आणि सलाम करून म्हणाल्या, "तुझ्या आईचे वाळे आम्ही ओळखले."

त्याने मान लववली. तो गाडीत बसला, बहीण शेजारी चढून बसली. त्याने गाडी सुरू केली, पण ती जागची हलेना.

"गिअर टाक आधी," बहीण म्हणाली.