गाठोड्याला बॅटरी लागत नाही

रविवार, जानेवारीतला शेवटचा. दुपारची जेवणं उरकल्यावर.

हजर: मी, नवरा, मुलगी आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई. शिवाय आमची गाडी, गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सगळी दारं उघडी टाकून. गैरहजर: मावशी, आईंची थोरली बहीण. सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता.

ही हजेरी मी त्या दिवशी खरोखरच घेतली होती. काम हातात घेतलं की आधी माणसं मोजायची आणि मग कामं वाटायची, ही माझी पद्धत. मुलगी म्हणते, "मम्मी, तू देवळात गेलीस तरी आधी हजेरी घेशील."

गाडीचं आधी सांगते. ती पूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात कामगारांची ने-आण करायची. नवऱ्याने नोकरी जरा लवकर सोडली आणि आलेल्या पैशातून पहिलं काय घेतलं तर ही जुनी बस. "आता भटकायचं," एवढंच त्याचं नियोजन. सातपूरच्याच एका शेडमध्ये तिच्या सीटा काढल्या, मागे आडवा पलंग बसवला, एका बाजूला बाक, दुसऱ्या बाजूला छोटा ओटा. आमचं फिरतं घर तयार झालं, आणि घर म्हटल्यावर सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न माझ्याकडे आला.

पलंगाखाली चांगली मोठी पोकळी होती. माझी सगळी भिस्त तिच्यावर. पण तोपर्यंत आईंच्या फुप्फुसांचं दुखणं वाढलं आणि झोपताना प्राणवायूचं मशीन लावणं सक्तीचं झालं. मशीनला रात्रभर वीज लागते. मावशी राहतात घाटापलीकडे, पेठच्या बाजूला. तिथली वीज पाहुण्यासारखी, कधी येईल आणि किती वेळ थांबेल सांगता येत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं तर एका दिवसात दोनदा घाट आईंना झेपत नाही. म्हणून मग गाडीत दोन भल्यामोठ्या बॅटऱ्या आणि त्यांचा इन्व्हर्टर बसवला. कुठे? पलंगाखाली. माझी पोकळी बॅटऱ्यांनी खाल्ली.

शेडमधल्या फॅब्रिकेटरने वर बजावून सांगितलं, "ताई, ह्यांच्या अंगाला काही चिकटवू नका. आणि इन्व्हर्टरच्या पंख्यापुढे तर रुमालसुद्धा नको. त्याला वारा लागतो." म्हणजे जी थोडी जागा उरली होती, तीही रिकामीच ठेवायची.

दोघी बहिणींची भेट होऊन तीन वर्षं झाली होती. मावशींना आता कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. त्यांचा नातू व्हिडिओ कॉल लावून देतो. दोघी नुसत्या एकमेकींकडे बघतात. मग मावशी प्रेमाने स्क्रीनवरून हात फिरवतात आणि फोन कट होतो. आई थोडा वेळ फोनकडे बघत बसतात आणि म्हणतात, "बरी दिसली." दरवेळी हेच.

तर मला जागा शोधायची होती. मी टेप घेऊन गाडीत बसले आणि शोधलीच. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा निघाला. मागच्या दाराला आतून जुन्या जीन्सचे खिसे शिवून लावले, त्यात लाटणं, झारा, टॉर्च. चाकावरच्या फुगवट्यामागे एक सांदी होती, तिथे बादली आणि चपला. बाकाची फळी उचलती केली, पायरीखाली कप्पा काढला. बॅटऱ्या एवढ्या मोठ्या आहेत तर गॅसची टाकी कशाला, म्हणून इंडक्शनची शेगडी घेतली. टाकीचा कोपरा मोकळा झाला, त्यात धान्याचे डबे बसले. बॅटऱ्यांनी खाल्लेल्या जागेतली थोडी अशी परत आली.

ड्रायव्हरवरचा माळा मात्र मी मुद्दाम रिकामा ठेवला. मावशींकडून येताना त्या काय काय देतील याचा नेम नाही. आपण डबा भरून न्यायचा, त्यांनी तो भरूनच परत द्यायचा. जाताना गाडी भरली आणि येताना जागाच नाही, ही चूक लोक करतात. मी करत नाही. निदान तोपर्यंत मला तसं वाटत होतं.

एका गोष्टीला जागा सापडली नाही. आईंचं साड्यांचं गाठोडं.

मावशी गोधड्या शिवतात. आई वर्षभराच्या जुन्या सुती साड्या जमवून त्यांना द्यायच्या आणि पुढच्या खेपेला त्यांतलीच गोधडी होऊन परत यायची. दोघींचा हा व्यवहार माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा. तीन वर्षांत गाठोडं एवढं फुगलं होतं की कपाटाचं दार लागत नव्हतं. मी आईंना म्हटलं, "ह्या खेपेला राहू द्या. नंतर पार्सलने पाठवू." आई "बरं" म्हणाल्या. त्या इतक्या सहज बरं म्हणाल्या, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

आता त्या रविवारचं. आम्ही रंगीत तालीम ठेवली होती. आईंनी गाडीतल्या पलंगावर दुपारची झोप काढायची, मशीन बॅटऱ्यांवर चालवायचं आणि सगळं नीट चालतं का ते बघायचं. आई आडव्या झाल्या. मुलीने नळी लावून दिली. नवरा बाकावर पेपर वाचत बसला. मी दाराचे खिसे तपासत होते.

थोड्या वेळाने पलंगाखालून टीं-टीं असा आवाज आला, मग जोरात आला आणि मशीन बंद पडलं. जागेपणी आईंना मशीन लागत नाही आणि त्या उठून बसल्याच होत्या, त्यामुळे तिथे भीतीचं काही नव्हतं. पण घाटापलीकडे, सगळे झोपेत असताना हे झालं असतं तर? नवऱ्याचा चेहराच उतरला. त्याने पलंगाची फळी उघडून आत हात घातला. "इन्व्हर्टर तापलाय," म्हणाला, आणि मग त्याच्या हाताला काहीतरी मऊ लागलं. ओढलं तर गाठोड्याची गाठ बाहेर आली.

"हे कुणी ठेवलं इथे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाडीतली सुईसुद्धा मीच ठेवलेली असते.

"मी ठेवलं," आई म्हणाल्या. "सकाळी, ही भाजीला गेली होती तेव्हा."

"आई, तिथे काही ठेवायचं नव्हतं हो," मी म्हटलं.

"मोकळं होतं गं. मला वाटलं, एवढी जागा तुझ्या नजरेतून सुटली."

मुलगी फिस्सकन हसली. मला हसू आलं नाही. मी जरा जास्तच स्पष्टपणे पंखा, वारा, रिकामी जागा हे सगळं समजावून सांगितलं. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग नाकातली नळी काढून तिची व्यवस्थित गुंडाळी केली आणि म्हणाल्या, "तुम्ही तिघं जाऊन या. माझ्या जागी गाठोडं न्या. त्याला बॅटरी लागत नाही."

नवरा म्हणाला, "आई, काहीतरीच काय?"

"काहीतरी नाही. माझ्या एका झोपेसाठी अर्धी गाडी गेली. तुम्हाला पाय पसरायला जागा नाही. हिने बिचारीने लाटणं विजारीच्या खिशात ठेवलंय. मी नसले की सगळं बसतंय."

"आजी," मुलगी म्हणाली, "गाठोडं मावशीआजीशी बोलणार का?"

"बोललं तरी तिला कुठे ऐकू येतंय?"

सगळे हसलो, आई सगळ्यांत जास्त. पण त्या पलंगावरून उतरल्या, चपला घातल्या आणि लिफ्टकडे निघाल्या. आमच्या आई रागावून नाही म्हणाल्या तर समजूत घालता येते. हसत नाही म्हणाल्या की संपलं. त्या येणार नव्हत्या. मावशींची ऐंशी उलटली आहे, आईही फार मागे नाहीत. ही खेप राहिली तर पुढची कधी, हा विचार मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघून एकदमच केला.

मी पलंगावर बसले. जागा हवी असेल तर बसून बघावं, उभ्याने दिसत नाही, हे मला गाडीने शिकवलंय. हात गादीवर टेकला होता. फोमची जाड गादी, आईंसाठी म्हणून मी मुद्दाम जाडातली निवडली होती. मी ती दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग खोळीची चेन उघडली आणि आतला फोम ओढून बाहेर काढला.

"आईंना थांबव," मी मुलीला म्हटलं. "म्हणावं, अंथरूण बदलायचंय, ते त्यांच्याशिवाय होणार नाही."

आई परत आल्या. पार्किंगमध्ये पडलेला फोम बघून म्हणाल्या, "आता हे काय?"

"गाठोडं सोडा. साड्या खोळीत घालायच्या. तुम्ही त्यांच्यावर झोपत जायचं आणि तिथे पोचल्यावर मावशींच्या हवाली करायच्या."

 बाकावर बसून आईंनी गाठ सोडली. एकेक साडी निघाली, आई घडी सांगत गेल्या, मी घालत गेले. "ती जाडी खाली घाल. ही विटकी वर, मऊ आहे. कमरेखाली दोन जास्त." मध्येच एक निळी निघाली. माझी होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली, निऱ्यांवर हळदीचा डाग. मी कधीच टाकून दिली होती. "तू दिलीस टाकून," आई म्हणाल्या, "मी उचलली." मी ती उशाच्या बाजूला घातली. मग दोघींनी मिळून दाभणाने लांब लांब टाके घातले, सहज उसवता येतील असे. मुलगी दोरा ओवून देत होती आणि खोळ धरून बसलेल्या नवऱ्याला दाभण दोनदा टोचून झालं होतं.

आई आडव्या झाल्या. "कसं वाटतंय?" मी विचारलं.

"पदराची एक गाठ टोचतेय." कूस बदलली. "आता नाही."

मशीन पुन्हा सुरू केलं. मी खाली बसून पंख्यापुढच्या मोकळ्या जागेत तळहात धरून राहिले. कोमट वारा सतत येत होता. वर आईंचा श्वास जड झाला, एका लयीत आला. चहाची वेळ होऊन गेली तरी कुणी त्यांना उठवलं नाही.

जाग आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जाताना साड्यांवर झोपेन. येताना कशावर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डब्यांच्या परतीचा विचार मी केला होता, अंथरुणाचा नाही. माझा चेहरा बघून आई खूश झाल्या. "असू दे गं. अक्का बघेल." मावशींना त्या अक्का म्हणतात.

पुढच्या आठवड्यात गेलो. मावशी अंगणातच उभ्या होत्या. त्यांनी आईंच्या तोंडावरून हात फिरवला आणि या वेळी काहीच कट झालं नाही. मग गाडीत चढून सगळीकडे डोकावल्या. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्या मोठ्यांदा बोलतात. "बाय, ही तर खोलीच हाय गं! लय झ्याक!" पलंगाची फळी उचलून बघितली आणि लगेच ओरडल्या, "हितं जागा हाय की मोकळी! नागलीची पिशवी बसंल!" आणि खरंच नाचणीची पिशवी आणून आत सारायला लागल्या.

मी पुढे होणार तेवढ्यात आईंनी त्यांचा हात धरला. एरवी आई शहरातल्यासारखं बोलतात. बहिणीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडताना त्यांचं शहर गळून पडलं. "तिथं नाय अक्का! ते माझ्या मशीनचं नाक हाय!"

"मंग उघडं ठिव की!" मावशी म्हणाल्या आणि पिशवी घेऊन उतरल्या.

त्या रात्री गावात वीज नव्हती. दोघी बहिणी गाडीतच झोपल्या, साड्यांवर. सकाळी मशीन चालू होतं आणि मावशी त्याच्या घरघरीचं कौतुक करत होत्या, हाताला कळते म्हणून. न्याहारीनंतर आम्ही टाके उसवले. मावशींनी निळी साडी उजेडात धरून बघितली, डागावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग आतून दोन गोधड्या आणल्या. तीन वर्षांपूर्वीच्या साड्यांच्या होत्या, शिवून, घडी घालून वाट बघत पडलेल्या. आई परत आल्या त्या त्यांच्यावर झोपून. एकीच्या मधोमध त्यांचीच जुनी नारिंगी साडी होती आणि त्या ती सगळ्यांना दाखवत होत्या.

नागलीची पिशवी टाकीच्या कोपऱ्यात, धान्याच्या डब्यांवर बसली. मावशींचा मोठा पितळी डबा, लाडू भरून, मी राखून ठेवलेल्या माळ्यावर. अगदी मापात.

परत आल्यावर मी गाडी धुतली, खिसे रिकामे केले, फोम मुलीच्या खोलीत गेला. लाडू संपले. डबा घासून पुन्हा माळ्यावर ठेवलाय, तो वळणावर खणखणतो. नवरा म्हणाला, "रिकामाच देऊन येऊ का? तेवढीच भेट." आई आणि मी, दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गाडी पुसायला निघून गेला.

चिवडा नको, मावशींना चावत नाही. बेसनाचे लाडू त्यांनीच दिले होते, तेच परत कसे देणार? अनारसे आई म्हणतात, पण माझे जमत नाहीत. डबा काय भरून द्यायचा, ते ठरवायचं राहिलंय.