लाटसाहेबांची पिशवी

व्याह्यांच्या पिशवीनं पेट घेतला तेव्हा ओवाळणीचं ताट माझ्याच हातात होतं. पिशवी त्यांच्या कमरेला, पुढच्या बाजूला, चौकटीच्या घागऱ्यावर लोंबत होती. लांब पांढऱ्या केसांची. केस घोड्याचे. घोड्याचे केस भर्रकन पेटतात आणि फार घाण वास सोडतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सून किंचाळली. मुलगा मोबाईलवर शूटिंग करत होता, तो तेच करत राहिला. इथे परदेशात, रॅफल्स प्लेसच्या बँकेत मोठा साहेब आहे, पण बँकेबाहेर त्याचं डोकं चालत नाही. होणारा नातजावई नुसता "डॅड, डॅड" करत होता. नात इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून ओरडली, "आजी, काय केलंस लाह!" आणि खुद्द व्याही हात जोडून ताठ उभे. हाही विधीचाच भाग असेल असं त्यांना वाटलं.

हे व्याही स्कॉटलंडचे लॉर्ड. लहानसेच, पण लॉर्ड. त्यांचा मुलगा इथेच, तांजोंग पगार भागात, माझ्या नातीच्या ऑफिसात कामाला. चार बहिणींवर एकटा. पुढे लॉर्डपणा त्यालाच मिळायचा आणि घरही. घर दगडी, चाळीस खोल्यांचं. त्यातल्या दोनच खोल्या गरम असतात, म्हणून लॉर्ड आणि त्यांची थोरली बहीण त्या दोनांतच राहतात. बायको मागेच गेली. कौलं फुटली की लॉर्ड स्वतः छपरावर चढतात आणि खालून बहीण सूचना देते. उरलेल्या खोल्यांत पूर्वजांच्या तसबिरी आणि वटवाघळं. हे सगळं मला नातजावयानं सांगितलं. मुलगा सरळ होता, पण बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. बाप मुलगी बघायला येणार आणि काय ते सांगणार. नातीला आठ दिवस जेवण गेलं नाही.

सून मला रोज बजावायची, "आई, ते लॉर्ड आहेत. जपून बोला."

"लॉर्ड म्हणजे लाटसाहेबच ना?"

"तो शब्द तर मुळीच काढू नका!"

आता हा शब्द मी जन्मभर नवऱ्याला वापरला. बसल्या जागी पाणी मागितलं की, "मोठे लाटसाहेब लागून गेलात!" खरा लाटसाहेब असतो आणि तो आपल्या कॉन्डोच्या लिफ्टमधून वर येतो, हे कळायला मला अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली.

ओवाळायचं नाही, असंही सुनेनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. पहिल्यांदा घरी आलेल्या व्याह्याला काय नुसतं "हॅलो" म्हणायचं? पायावर घालायला पाण्याचा तांब्या ठेवला होता, तो तिनं लादी निसरडी होईल म्हणून उचलून नेला. तो असता तर पुढचं झालं नसतं. हे मी तिला अजून ऐकवते.

व्याही दारापेक्षा उंच. मी जेमतेम त्यांच्या कोपराएवढी. कपाळापर्यंत हात पोचेना म्हणून नातीला म्हटलं, जरा वाकायला सांग. ते लॉर्डच ते, कमरेतून अदबीनं वाकले. पिशवी पुढे लोंबली ती थेट निरांजनावर.

कोणी हलेना. मी ताट सुनेच्या हातात कोंबलं आणि ओरडले, "लाटसाहेबासारखे उभे काय राहिलात! बसा खाली!"

भाषा कळली नसेल, पण आवाज कळला. ते मटकन जमिनीवर बसले. जेवणाच्या टेबलावर मठ्ठ्याचा जग होता, तो मी त्यांच्या मांडीत उपडा केला. चर्र झालं. आग विझली. उरलेल्या चार केसांना कोथिंबीर चिकटली होती.

सुनेनं डोळे मिटून घेतले. नातीचा चेहरा पांढरा पडला. व्याह्यांनी तिला विचारलं, आजी काय म्हणाल्या? माझी नात खोटं बोलत नाही, हा तिचा जुनाच दोष. तिनं शब्दन् शब्द सांगितला, लाटसाहेबासकट.

 ते इतके हसले की मठ्ठा हिंदकळला. नातीनं सांगितलं, "आजी, ते म्हणतायत, त्यांची बहीण रोज सकाळी त्यांच्यावर अश्शीच ओरडते. आपल्या घरी आल्यासारखं वाटलं म्हणे."

"मग लग्नाचं काय ते विचार," मी म्हटलं.

"आजी!"

"विचार. ओल्या घागऱ्यात माणूस खरं बोलतो."

तिनं विचारलं. ते म्हणाले, अशा आजीच्या नातीला छपरावर चढता येत असेलच, मग हरकत कसली. मग माझ्या मुलाचं धोतर नेसून जेवले. पुरणपोळ्या तीन.

पिशवी त्यांच्या पणजोबांची होती. तीन लढायांतून धड परत आली होती, ती आमच्या दारात संपली. लग्नात नातजावयाला तीच बांधावी लागणार होती. त्यानं स्वयंपाकघरात येऊन हळूच माझे हात धरले आणि थँक यू म्हणाला.

आता व्याही छपरावरून फोटो पाठवतात आणि खाली मराठीत 'लाटसाहेब' लिहितात. नातीनं शिकवलं.

त्या दिवशी दारात आम्ही सहा जण होतो. सहाही जण जिवंत आहोत; गेली ती पिशवीच.