बर्फवाले हवालदार

बर्फवाले हवालदार आपल्या कुठल्याही वस्तूला बिजागरी लावत नसत. मिसळणाचा डबा असो, देवाची पेटी असो की शाळकरी पोराची पेन्सिलपेटी, झाकण खाचेतून सरकूनच उघडलं पाहिजे. खाचेला मेण चोळून ते एका बोटानं झाकण ढकलून बघत आणि जरा कुठं अडलं की पुन्हा पटाशी हातात घेत. "घसरलं पायजे, अडाय नगं," असं म्हणत. हे ऐकून आमच्या गल्लीतले लोक हसत, कारण हवालदारांचा दुसरा धंदा घसरण्याचाच होता.

पलटणीत असताना ते काश्मिरात पायांना स्कीच्या लांब फळ्या बांधून बर्फाचे डोंगर उतरायला शिकले आणि पुढे इतरांना शिकवू लागले. पेन्शन घेऊन साताऱ्याला आल्यावरही तिकडच्या एका डोंगरी गावातून त्यांना दर हिवाळ्यात शिकवायला बोलावणं येई. दिवाळीचा फराळ संपला की पठाणकोटचं तिकीट काढून निघायचे, ते शिमग्याला परत. म्हणून सुतारकाम घेताना लहानच घेत. दसऱ्याच्या सुमारास कुणी लग्नाचा पलंग सांगायला आलं की त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकींचा, हात चुलीपाशी थांबे. पलंग म्हणजे हवालदार घरी. ते मात्र गिऱ्हाइकाला हात जोडत. "बर्फ पडायच्या आत पुरं व्हईल तेवढंच सांगा."

साठ सालानंतरची ही गोष्ट. मी म्हसवडहून साताऱ्याला कॉलेजसाठी आलो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहिलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सकाळी किराणा दुकानात पुड्या बांधायच्या आणि तिथून तसंच वर्गात जायचं. एकदा दमून मी म्हणालो, "काका, दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस पडतोच."

रंधा न थांबवता ते म्हणाले, "माजं पाय तर दोन फळ्यांवरच असत्यात, गड्या. वळताना वजन एकाच फळीवर टाकायचं. दुकानात असशील तवा दुकानावर, वर्गात असशील तवा वर्गावर. निम्मं हिकडं निम्मं तिकडं केलंस, की आपटलास."

मी पदवीधर झालो त्यात या बोलण्याचा वाटा मोठा आहे.

माझ्या शेवटच्या वर्षाआधीच्या शिमग्याला ते लंगडत घरी आले. मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, या गुडघ्याला आता दोन्ही झेपणार नाहीत. मांडी मोडून सुतारकाम करा, नाहीतर बर्फावर जा. आपल्याकडे सुतार जमिनीवर बसून, फळी पायानं दाबूनच काम करतो. काकींनी त्याच दिवशी निकाल लावला. "आवं, लगीन झाल्यापासनं एक संक्रांत तुमच्यासंगं झाली न्हाई. आता बसा घरात."

पण त्या पावसाळ्यात हवालदारांनी पहिल्यांदाच मोठं काम काढलं. बाभळीचे जाड पाय आणि वर सागाची फळी, असं कमरेइतकं उंच टेबल केलं आणि त्याच्याशी उभं राहून ते रंधा मारू लागले. गल्लीला करमणूक झाली. "हवालदार, इस्त्रीचं दुकान काढलं का काय?" हवालदारही हसले. काकी मात्र कमरेवर हात ठेवून टेबलाकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "हे टेबल न्हाई रं बाळा, पठाणकोटचं तिकीट हाय. गुडघा राखून ठेवत्यात, बर्फासाठी."

भाऊबीज झाल्यावर हवालदार काकींसमोर येऊन बसले. "तू न्हाई म्हन, मी ऱ्हातो. मागनं कुरकुर करनार न्हाई."

काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऱ्हाऊन काय करनार? भिताडाकडं बगत बसनार. जावा. पर औंदा मी बी येनार. एवढं काय हाय तितं, ते बगू द्या मला तरी."

एस.टी. स्टँडवर त्यांना पोचवायला मी गेलो. नऊवारीवर हवालदारांचा जुना लष्करी कोट घालून काकी खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर तिळाची पिशवी होती.

शिमग्याला दोघं परतली. तोवर माझी परीक्षा तोंडावर आली होती आणि ती होताच मी नोकरीसाठी सांगलीला जाणार होतो. त्यामुळे निवांत अशी ती शेवटचीच भेट. हवालदार सामान आत नेत होते. मी काकींना विचारलं, "काय बघितलंत?"

"डोंगराच्या टोकावनं एकजन खाली येत व्हता. आसा झुकत, आसा वळत. मी म्हनलं, कुनाचं तरनं पोरगं हाय बाई, आईला किती घोर आसंल. ते लय जवळ येऊन थांबलं, तोंडावरचा बर्फ पुसला, तवा वळखलं." काकींनी तोंडाला पदर लावला. "आमचंच हे."

मग आतल्या लंगड्या पावलांचा आवाज ऐकत त्या हळूच म्हणाल्या, "गुडघा हाय तवर जाऊ देत."