कुंकू लावलेली फ्लॉपी

कपाटात कुंकवाने माखलेली फ्लॉपी सापडली आणि नव्वदच्या दशकातली, सांगलीच्या आमच्या दैनिकातली ती दुपार आठवली. नव्या संगणकावर त्याच दिवशीचा अंक लावायचा होता. पुण्याचा इंजिनिअर स्वतः बनवलेली इन्स्टॉलेशनची सीडी मिरवत होता.

कुंडलच्या ऑपरेटर लताबाईंनी विचारलं, "सायेब, आपल्या हार्ड डिस्कचा ड्रायव्हर हिच्यात घातलाय न्हवं?"

"बाई, तुम्ही टायपिंग बघा."

घातला नव्हता. त्या ड्रायव्हर प्रोग्रॅमशिवाय संगणकाला हार्ड डिस्क दिसेना. ड्रायव्हरची ही फ्लॉपी मालकांनी सकाळीच पूजेत कुंकवाने माखली होती, तीही चालेना. इंजिनिअरने दोष सांगलीच्या धुळीला दिला. अंक बुडाला.

मालक म्हणाले, "लताबाई, पूजेला तुमी हात जोडलं न्हवतं."

सगळे हसले. मीही.

"न्हाई जोडलं," त्या म्हणाल्या. "मी ड्रायव्हरचं इचारलं हुतं."