बाजूची पायपट्टी

चेनला घालतात त्या तेलाचा वास आला की मला उंब्रजच्या आमच्या अंगणातली एक संध्याकाळ आठवते. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत चालले होते. सकाळी आपली जिवापाड जपलेली लाल स्पोर्ट्स बाइक घेऊन साताऱ्याला गेलेला मुलगा परतला तो साध्या, काळ्या मोटारसायकलवर. फौजेतल्या सवयीनं मी गाडीभोवती फिरून पाहिलं. मागच्या चाकाला साडी गार्ड होतं आणि बाजूला दोन्ही पाय ठेवायला रुंद पट्टी. लग्न न झालेल्या पोराला ही कशाला? "कोण बसनार हाय रं मागं?" मी विचारलं. "बसंल की कुणीतरी," म्हणत तो हसून आत गेला. त्या हसण्यात मला बाई दिसली. लोणंदचं एक स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं. मी मुलीच्या घरच्यांना फोन करून सांगितलं, "पोराचं बाहेर जुळलंय, तुम्ही दुसरीकडं बघा." सोमवारी गुडघा दाखवायला साताऱ्याला जायचं होतं. मी एसटीला निघालो, तर त्यानं गाडी आडवी लावली. "बसा आबा. पाय पलीकडं टाकता येत न्हाई तुमाला, म्हणून तर लाल गाडी देऊन ही घेतली. एका अंगानं बसा." "बायकांगत?" "व्हय. म्हणूनच सांगत नव्हतो, सुभेदारसाहेब!" लोणंदची मुलगी त्याच्या मनात भरली होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी नकार का दिला, हे त्याला अजून माहीत नाही. आज हे सगळं लिहिलेला हा कागद मी आधी त्याच्याच हातात देणार आहे, आणि मगच त्या पट्टीवर पाय ठेवणार आहे.